सशाची शस्त्रक्रिया आणि उपवास

प्रश्न : आमच्या ७ महिन्यांच्या सशाच्या मादीचे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे. कुत्र्यांप्रमाणे तिलाही आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवावे का? नंतर काय जपावे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपला निर्णय योग्य आहे, कारण वाढत्या वयाच्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. मात्र तिला मुळीच उपाशी ठेवू नये. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे उपवासाचे मुख्य कारणच उरत नाही. उलट पोट रिकामे राहिले तर आतड्यांची हालचाल मंदावते आणि तेच जिवावर बेतू शकते. दवाखान्यात नेताना तिचे नेहमीचे सुके गवत व आवडता पाला सोबत घ्यावा.

घरी आणल्यावर टाक्यांइतकेच लक्ष लेंड्यांकडे असू द्यावे. १२ तासांत तिने काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. वेदनाशामक औषध त्यांनी दिलेलेच, ठरलेल्या मात्रेत द्यावे. माणसांच्या गोळ्या कदापि देऊ नयेत. साधारण १० दिवस उड्या मारू देऊ नयेत. किनारपट्टीच्या दमट हवेत ओल्या अंथरुणावर माश्या बसून जखमेत अळ्या पडण्याची भीती असते, म्हणून अंथरूण रोज बदलावे आणि टाके दिवसातून दोनदा पाहावेत.