रोज तीच सहा पुस्तकं

प्रश्न : ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. भाच्याने आमचं छोटं संकेतस्थळ करून दिलंय. पहिल्या पानावर कादंबरी, कविता, चरित्र, प्रवासवर्णन, नाटक आणि बालसाहित्य या सहा विभागांतून चिठ्ठी काढल्यासारखं एकेक पुस्तक दिसतं. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर (माहिती साठवणाऱ्या मायएसक्यूएल या सॉफ्टवेअरची ५.६ आवृत्ती) दर वेळी नवी पुस्तकं येतात. भाड्याच्या सर्व्हरवर (५.७) आधी १०५५ नंबरची एरर आली. भाच्याने 'ओन्ली फुल ग्रुप बाय' नावाची सेटिंग बंद केल्यावर पान उघडलं, पण रोज तीच सहा पुस्तकं! क्वेरी, म्हणजे माहिती मागवायची आज्ञा, सोबत पाठवतोय. नव्या सर्व्हरवर रँड (मनाला येईल तो आकडा काढणारं फंक्शन) चालत नाही का?

उत्तर : रँड ठणठणीत आहे. आधी एक करा, ती सहा पुस्तकं कपाटातून काढून त्यांचे दाखल क्रमांक बघा. तुमच्या टेबलची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची वेगळी ओळख, तीच आहे, म्हणून पैजेवर सांगते, प्रत्येक पुस्तक आपापल्या विभागात सगळ्यात लहान क्रमांकाचं निघेल.

भाच्याची क्वेरी दोन मजली आहे. आत 'ऑर्डर बाय रँड()' ने सगळी पुस्तकं पत्त्यांसारखी पिसायची, बाहेर 'ग्रुप बाय विभाग' लावून प्रत्येक विभागाचा पहिला हाती लागेल तो पत्ता उचलायचा. ५.६ आतल्या क्वेरीचं खरोखरच एक तात्पुरतं टेबल बांधायचा, पिसलेल्या क्रमाने ओळी भरायचा, आणि बाहेरच्या गटात पहिली आलेली ओळ टिकायची. म्हणून जमत होतं. पण तसं वचन कुणी दिलं नव्हतं. गटातली कुठली ओळ घ्यायची याला सर्व्हर मोकळा आहे, असंच मॅन्युअल सांगतं. २०१५ साली आलेला ५.७ आतली क्वेरी बाहेरच्या क्वेरीत विरघळवून टाकतो, आणि बाहेर ग्रुप बाय असेल तर आतला ऑर्डर बाय सरळ सोडून देतो. पिसणंच गेलं! १०५५ ची एरर म्हणजे सर्व्हर विचारत होता, 'विभागात शेकडो पुस्तकं आहेत, त्यातलं नेमकं कुठलं दाखवू?' भाच्याने उत्तर द्यायचं सोडून त्याचं तोंड बंद केलं.

त्याला रागावू नका. हीच क्वेरी मी स्वतः एका पतसंस्थेच्या दिवाळी सोडतीसाठी लिहिली होती, प्रत्येक शाखेतून एक भाग्यवान सभासद. माझ्या मशीनवर झकास. त्यांच्या सर्व्हरवर रंगीत तालमीत सगळ्या शाखांचे विजेते निघाले त्या त्या शाखेचे पहिले खातेदार, म्हणजे बहुतेक ठिकाणी संचालकच. मॅनेजरने कागद दुमडून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मॅडम, हे बाहेर गेलं तर सभेत चपला पडतील."

तुमच्यासाठी सोपा उपाय असा. सहा विभागांसाठी सहा वेगळ्या क्वेऱ्या चालवा : 'व्हेअर' मध्ये, म्हणजे अटीत, विभागाचं नाव, मग 'ऑर्डर बाय रँड()', मग 'लिमिट १'. गावच्या वाचनालयाएवढ्या पुस्तकांना सर्व्हरला घामही येणार नाही. सर्व्हर ८.० किंवा त्यापुढचा असेल तर एकाच क्वेरीत 'रो_नंबर() ओव्हर (पार्टिशन बाय विभाग ऑर्डर बाय रँड())' लिहून प्रत्येक विभागातल्या ओळींना पिसून क्रमांक द्यायचे, आणि बाहेर क्रमांक १ च्या ओळी घ्यायच्या.

आतल्या क्वेरीला १८४४६७४४०७३७०९५५१६१५ असं वीस आकडी लिमिट लावायचा तोडगा भाच्याला कुणीतरी सांगेलच. लिमिट असलं की क्वेरी विरघळत नाही, पिसणं परत येतं. पण गटातला पहिला पत्ता मिळेल हा भरवसा तेव्हाही उधारीचाच.

आणि 'दाखल क्रमांक = फ्लोअर(१ + रँड() * एकूण पुस्तकं)' असं तर अजिबात लिहू देऊ नका. व्हेअरमधला रँड प्रत्येक ओळीला नवा आकडा काढतो. वीस जणींच्या भिशीत डब्यातून एक चिठ्ठी काढायच्या ऐवजी प्रत्येकीने घरी बसून १ ते २० मधला आकडा काढायचा, आणि स्वतःचा नंबर आला तर रक्कम उचलायची, असा तो प्रकार. शंभरातल्या ३६ महिन्यांत कुणालाच नाही, काही महिन्यांत तिघी दारात. तुमचं पान कधी रिकामं, कधी दोन पुस्तकांचं दिसेल. हे ५.६ वर होतं आणि ८.० वरही होतं, तिथे आवृत्तीला दोष देता येणार नाही. शिवाय निर्लेखित, म्हणजे यादीतून काढून टाकलेल्या, पुस्तकांचे क्रमांक मधे रिकामे असणार, ते वेगळंच.

क्वेरी बदलली की ती बंद केलेली सेटिंग पुन्हा सुरू करा. आणि सर्व्हरवाल्यांना विचारा, नव्या आवृत्तीवर कधी नेताय, ५.७ ची देखभाल ऑक्टोबर २०२३ मध्येच थांबली आहे.