वाचकांचे प्रश्न : साहेब कडक, बाई खडूस

प्रश्न : ताई, मी सांगलीत एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी सोनिया सोटोमायोर यांचं नाव अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासाठी आलं तेव्हाच्या बातम्या वाचतेय. त्या तापट आहेत, वकिलांवर डाफरतात, असं बरंच लिहिलंय. बाई म्हणून असं लिहिलं, की त्या खरंच तशा आहेत? ओळखायचं कसं?

उत्तर : असतीलही कडक. न्यायाधीशानं प्रश्न विचारून वकिलाला घाम फोडला तर बिघडलं कुठे? बघायचं ते हे, की शेजारच्या खुर्चीवरचा पुरुष तोच घाम फोडत असेल तर त्याच्याबद्दल काय छापून येतं. मी कोर्टाच्या बातम्या करायचे तेव्हा बाररूममध्ये हे रोज कानावर पडायचं. तयारी न करता आलेल्या वकिलाला झापलं की साहेब 'कडक', बाई 'खडूस'. तारीख तीच, चूक तीच.

सोटोमायोर यांच्या बाबतीत ही तुलना एका न्यायाधीशानंच करून ठेवली आहे. गुइडो कालाब्रेसी हे येलच्या लॉ स्कूलचे माजी डीन. सोटोमायोर त्यांची विद्यार्थिनी, आणि पुढे न्यूयॉर्कच्या सेकंड सर्किट अपील कोर्टात दोघं सहकारी. बाई फार टोचून बोलतात, अशी कुरबुर सुरू झाली तेव्हा कालाब्रेसींनी नोंद ठेवायला घेतली. सुनावणीत त्या काय विचारतात, कोणत्या सुरात विचारतात आणि पुरुष न्यायाधीश काय विचारतात, हे ते टिपत गेले. फरक निघाला नाही. काही वकिलांना बाईनं प्रश्न विचारलेलेच खपत नाहीत, असं त्यांनी 2009 मध्ये पत्रकारांना उघड सांगितलं. तुझ्या प्रोजेक्टला यापेक्षा चांगली पद्धत मी सुचवू शकत नाही.

आता पत्रकारांकडे ये. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी नाव जाहीर केलं 26 मे 2009 ला. (तिथे राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, मग सिनेट सुनावणी घेऊन त्यावर मतदान करतं.) त्याच्या तीनेक आठवडे आधी 'द न्यू रिपब्लिक' या मासिकात जेफ्री रोझन यांचा लेख आला. बाई तितक्याशा हुशार नाहीत आणि बेंचवर दादागिरी करतात, ही त्यातली मतं. कोणाची? नावं नाहीत. बहुतेक दुसऱ्या न्यायाधीशांकडे काम केलेले क्लार्क (म्हणजे न्यायाधीशांचे कायद्यातले मदतनीस) आणि काही सरकारी वकील. सोटोमायोर यांचे निकाल आपण पुरेसे वाचलेले नाहीत, हेही रोझन यांनी त्याच लेखात लिहून टाकलं! आमच्या डेस्कवर अशी कॉपी टाकली असती तर उपसंपादकानं 'आधी निकाल वाचून ये' म्हणून परत पाठवलं असतं. आणि 'हुशार नाहीत' कोण? ब्राँक्सच्या सरकारी वसाहतीत वाढून प्रिन्स्टनमधून सर्वोच्च श्रेणीत पदवी घेतलेली, येलला कायदा शिकलेली, मॅनहॅटनमध्ये फौजदारी खटले चालवलेली, 1992 पासून न्यायाधीश असलेली बाई.

तिकडे रेडिओवर गॉर्डन लिडी या कार्यक्रमवाल्यांनी सोटोमायोर यांच्या मासिक पाळीवरून शेरा मारला. तो किळसवाणा होता, पण त्याचं मला फार वाटत नाही. घाण घाण म्हणून कळते. उदारमतवादी, अब्रूदार मासिकात छापलेलं निनावी मत मात्र माहिती म्हणून पुढे सरकतं. शिवाय पोर्टो रिकोच्या घरातली मुलगी म्हटल्यावर 'तापट लॅटिन बाई' हा साचा अमेरिकेत आधीच तयार होता. जुलैत सिनेटच्या सुनावणीत विरोधी रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर लिंडसे ग्रॅहॅम यांनीही वकिलांचे निनावीच शेरे वाचून दाखवले आणि तुमच्या स्वभावात काही दोष आहे का, असं तोंडावर विचारलं. मी अवघड प्रश्न विचारते, पण दोन्ही बाजूंना सारखेच, असं त्या म्हणाल्या. ग्रॅहॅम यांनी पुढे मत त्यांच्याच बाजूनं दिलं. सिनेटचं मतदान 68 विरुद्ध 31, आणि त्या सुप्रीम कोर्टात आल्या.

आणखी एक जोडी लावून बघ. 2001 मध्ये बर्कलीच्या भाषणात सोटोमायोर म्हणाल्या होत्या, की अनुभवसंपन्न, शहाणी लॅटिना बाई ते आयुष्य न जगलेल्या गोऱ्या पुरुषापेक्षा बहुतेकदा बरा निर्णय देईल, अशी आशा आहे. वाक्य फसलंच होतं, त्यांनीही सुनावणीत ते कबूल केलं. रिपब्लिकन नेते न्यूट गिंगरिच यांनी त्यावरून त्यांना वर्णद्वेषी ठरवलं आणि माध्यमांनी ते वाक्य उन्हाळाभर उगाळलं. जानेवारी 2006 मध्ये सुप्रीम कोर्टासाठी नाव आलेले सॅम्युएल अलिटो अशाच सुनावणीला बसले होते. वडील इटलीतून आलेले. भेदभावाचा खटला समोर आला की घरच्यांनी सोसलेलं मला आठवतं आणि मी ते विचारात घेतो, असं ते म्हणाले. ते वाक्य कोणी असं उगाळत बसलं नाही. दोन्ही सुनावण्यांचे उतारे शेजारी ठेव, मग बातम्या वाच.

प्रश्न : अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात काळी महिलाच नेमणार, असं बायडेन यांनी आधीच जाहीर केलं होतं. मग केटांजी ब्राउन जॅक्सन यांच्या बातम्यांत रंगाची चर्चा झाली तर माध्यमांचा दोष काय? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : सर, चर्चा होणारच. पण बाईच नेमीन, असं वचन रेगन यांनी 1980 च्या प्रचारात दिलं होतं, आणि तिथल्या सुप्रीम कोर्टातल्या पहिल्या महिला न्यायाधीश सँड्रा डे ओ'कॉनर सिनेटमध्ये 99 विरुद्ध 0 मतांनी आल्या. 2020 मध्ये ट्रम्प यांनीही आधीच बाई म्हटलं आणि मग एमी कोनी बॅरेट यांचं नाव दिलं. जॅक्सन यांच्या वेळी मात्र टीव्ही निवेदक टकर कार्लसन पडद्यावरून त्यांच्या कायदा प्रवेशपरीक्षेचे गुण मागत होते. त्या तोवर नऊ वर्षं फेडरल न्यायाधीश होत्या. तुमच्या शाळेत मुख्याध्यापकपदाच्या मुलाखतीला कोणी दहावीची गुणपत्रिका मागितली असती का?

बॅरेट यांचंही सांगते, म्हणजे मी एकाच पक्षाची बाजू घेते असं वाटायला नको. सात मुलांची आई, हे त्यांच्या बातमीत हटकून असायचं. एका सिनेटरनं तर घरी कपडे कोण धुतं, असंही विचारलं. त्याच कोर्टातले न्यायाधीश अँटोनिन स्कॅलियांना नऊ मुलं. त्यांना कोणी कपड्यांचं विचारल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

प्रश्न : आपल्याकडे असं होतं का? (वाचक, पणजी)

उत्तर : आपल्याकडे सुनावणीच नाही. कॉलेजियमचा, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाचा ठराव येतो, सरकार अधिसूचना काढतं, शपथविधी होतो. त्यामुळे चिरफाड होत नाही, तशी ओळखही होत नाही. 31 ऑगस्ट 2021 ला सुप्रीम कोर्टात एकाच दिवशी नऊ न्यायमूर्तींनी शपथ घेतली, त्यात तीन महिला. मी वाचलेल्या बहुतेक बातम्यांत त्यांच्यातल्या न्या. नागरत्ना 2027 मध्ये 36 दिवसांसाठी पहिल्या महिला सरन्यायाधीश होऊ शकतात, हेच ठळक होतं. कर्नाटक हायकोर्टात त्यांनी तेरा वर्षांत काय निकाल दिले, ते शोधायला मला निकालपत्रंच उघडावी लागली.