राईस मिलची राख फुकट मिळते, स्लॅबच्या काँक्रीटमध्ये 20 टक्के सिमेंटऐवजी घातली तर चालेल का?

स्लॅबला नका घालू. प्रश्न वाचून क्षणभर वाटलं, आमचे भाऊजीच नाव बदलून विचारताहेत.

भाऊजींची तुमसरकडे राईस मिल आहे. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून आयुष्य साइटवर काढलेला माणूस. माझ्या घराचं काम निघालं तेव्हा मी पीपीसी मागवलं, म्हणजे औष्णिक वीज केंद्राची राख (फ्लाय ॲश) मिसळलेलं सिमेंट. भाऊजींनी गोणीवरचं वाचलं आणि ठेकेदारासमोरच म्हणाले, "राखेचं सिमेंट? घर बांधतोस की चूल?" ठेकेदाराला आयतंच फावलं. त्याला 53 ग्रेडचं ओपीसी, म्हणजे राख नसलेलं साधं सिमेंट हवं होतं. ते लवकर ताकद धरतं, म्हणजे सेंट्रिंग लवकर काढून पुढच्या साइटवर नेता येतं. भाडं त्याचं वाचणार, भेगा माझ्या डोक्यावर.

सिमेंटला पाणी लागलं की त्यातून चुना सुटतो. फ्लाय ॲशमधली सिलिका त्या चुन्याला धरते आणि सिमेंटसारखाच चिकट पदार्थ तयार होतो. काम सावकाश होतं, पण पोकळ्या भरतात आणि काँक्रीट कमी तापतं. भाऊजींना मी घाटघरच्या धरणांचा दाखला दिला, तिथल्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा फ्लाय ॲश जास्त आहे. तर म्हणाले, "धरण सरकारचं असतं, घर आपलं."

मग मी हट्टाने दोन्ही सिमेंटचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, भरून ठेवले. सात दिवसांच्या टेस्टला पीपीसी मागे पडलं, ते भाऊजी आजही सांगतात. 28 दिवसांना फरक जेमतेम उरला आणि 90 दिवसांना पीपीसी पुढे गेलं. तो रिपोर्ट त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही.

काही वर्षांनी त्यांच्या गोदामाचा कोबा करायचा होता. फोन आला, "आता तुझ्या आवडीची राख आहे, बॉयलरची, फुकट. किती घालू?" मी नको म्हटलं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात ऐकतोय की स्वतःच्या घराला राख चालते, आमची मात्र चालत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची फ्लाय ॲश म्हणजे दळलेल्या कोळशाची, धुरातून पकडलेली बारीक राख. ती ठरलेल्या मानकात बसवूनच सिमेंटमध्ये जाते. तुमची राख तुसाची. 100 किलो धानातून साधारण 20 किलो तूस निघतं आणि ते जाळलं की 4 किलोच्या आसपास राख. तिच्यात सिलिका फ्लाय ॲशपेक्षाही जास्त, 85-90 टक्के. कागदावर सोनंच. पण ती सिलिका कामाला येते ते तूस साधारण 500 ते 700 अंशांवर, नीट ताबा ठेवून जाळलं तरच. मिलच्या बॉयलरला वाफेशी मतलब, राखेशी नाही. कमी जळालं तर राख काळी, म्हणजे कार्बन. जास्त तापलं तर सिलिकेचे स्फटिक होतात आणि ती नुसती बारीक रेती उरते. शिवाय न दळलेली ही राख पाणी पिते. मिश्रण घट्ट वाटलं की गवंडी पाइप सोडतो आणि ताकद तिथेच गेली. भाऊजींनी शेवटी राख घातलीच, आणि त्या कोब्यावर आजही झाडू मारला की धूळ उडते. (खरं सांगायचं तर मिस्त्रीने तिथे पाणीही सढळ हाताने ओतलं होतं, सगळा दोष राखेवर टाकता येणार नाही.)

तुमच्या 20 टक्क्यांचं म्हणाल तर सिमेंट कोणतं आहे ते तुम्ही लिहिलंच नाही. पीपीसी असेल तर त्यात 15 ते 35 टक्के फ्लाय ॲश आधीच आहे. तिच्यावर आणखी राख टाकली तर तिला पुरेल इतका चुना येणार कुठून? ओपीसी असेल, राख नीट जाळून दळलेली असेल आणि मिक्स डिझाइन करून (म्हणजे मिश्रणाचं प्रमाण हिशोबाने ठरवून) क्यूब फोडून बघायची तयारी असेल, तर 10 टक्क्यांपासून सुरुवात करता येते. एका घराच्या स्लॅबसाठी एवढा खटाटोप कोण करतं?

मुकाट पीपीसी घ्या. पण मग पाण्याची सोय बघा. आयएस 456, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय कोडाप्रमाणे ओपीसीला किमान 7 दिवस क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) आणि पीपीसीला 10. आपल्याकडच्या उन्हाळ्यात 14 धरा, आळी बांधून पाणी साठवा. टेकू काढायची त्या कोडातली मुदतही ओपीसीची आहे, 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबला 7 दिवस. पीपीसीला त्याहून थांबावं लागतं. ठेकेदार थांबणार नसेल तर ओपीसीच बरं, हे मी भाऊजींसमोर कधी बोललो नाही.

राख वीटभट्टीवाला नेतो का विचारून बघा. मातीत मिसळायला चालते त्यांना.