‘दिवसभर रडतो’ म्हणजे किती?

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. थेरपिस्ट म्हणतात, रडण्याची नोंद ठेवा. तो दिवसभरच रडतो, नोंद कसली ठेवू?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, आधी ‘रडणं’ कशाला म्हणायचं ते ठरवा. कुरकुर धरायची की नाही? तुम्ही आणि सासूबाईंनी वेगवेगळं मोजलं तरी आकडा जुळायला हवा.

मी मोजायला राजमा वापरते. एकदा रडला की एक दाणा उजव्या खिशातून डाव्या खिशात. (दोनदा दाण्यांसकट कुर्ता धुवायला गेलाय.) पण दोनच वेळा रडला आणि दर वेळी वीस मिनिटं, तर ‘दोन’ हा आकडा फसवा. तिथे मोबाइलचं स्टॉपवॉच लावा.

खरी मेख आधी काय झालं आणि नंतर काय झालं, यात असते. कॅलेंडरवर एवढंच लिहा : ‘दात घासायला बोलावलं – रडला – ब्रश ठेवून दिला.’ हेच पुन्हापुन्हा दिसलं, तर रडलं की ब्रश टळतो, हे त्याला उमगलेलं असू शकतं. दात दुखत नाही ना, हे मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. आणि पहिला आठवडा काही बदलू नका, नुसतं लिहा. नाहीतर पुढे फरक पडला की नाही, हे कशाशी ताडून बघणार?