संरक्षण संशोधनात धातुशास्त्रज्ञाचं आयुष्य कसं असतं? नागपूरच्या मेटलर्जीच्या विद्यार्थ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नागपुरात मेटलर्जीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गातले निम्मे कोडिंगच्या मागे लागलेत, घरचेही आयटीत जा म्हणतात. मला संरक्षणाच्या प्रयोगशाळेत धातूंवर काम करायचं आहे. तिथे माणूस दिवसभर नेमकं करतो काय, आणि त्यात आयुष्य काढण्यासारखं काही आहे का?"

मी याच शहरात मेटलर्जी शिकलो. तेव्हा कॉलेजला व्हीआरसीई म्हणत, आता ते व्हीएनआयटी आहे. नोकरीची बहुतेक वर्षं हैदराबादला संरक्षणाच्या प्रयोगशाळेत गेली, आता निवृत्त होऊन परत इथेच आलोय. वयानं बराच मोठा आहे, तेव्हा अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. आणि जे छापून आलंय तेवढ्यावरच बोलेन.

नवा मिश्रधातू शोधणं म्हणजे हे काम, असं बाहेरच्यांना वाटतं. शोधण्याचा भाग त्यात लहानसा असतो. प्रयोगशाळेत दहा-वीस किलोची हीट, म्हणजे भट्टीतला एक घाणा, वितळवली, नमुने कापले, आकडे चांगले आले, पेपर लिहिला, इथवर हुशार पोरगं दोन-तीन वर्षांत पोचतं. तोच धातू पोलाद कारखान्याच्या शंभर टनी भट्टीतून निघाला पाहिजे, दर हीटला सारखा निघाला पाहिजे, आणि जहाजाच्या गोदीतल्या वेल्डरला तो भर पावसाळ्यात जोडता आला पाहिजे. या टप्प्यात दहा वर्षं सहज जातात. तुझं करिअर म्हणजे बहुतांशी हीच दहा वर्षं, पुन्हा पुन्हा.

विक्रांतचंच घे. आपली पहिली देशी विमानवाहू नौका, २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नौदलात दाखल झाली. तिचं पोलाद हैदराबादच्या डीएमआरएलनं, म्हणजे डिफेन्स मेटलर्जिकल रिसर्च लॅबोरेटरीनं, स्टील अथॉरिटीबरोबर विकसित केलं. डीएमआर २४९ ए हे सांगाड्यासाठी, २४९ बी हे विमानं उतरतात त्या डेकसाठी. सुमारे ३०,००० टन पोलाद बोकारो, राउरकेला आणि भिलाईच्या कारखान्यांतून गेलं. भिलाई आपल्यापासून रेल्वेनं चार-पाच तासांवर. त्याआधी २०१४ मध्ये आयएनएस कमोर्ता ही युद्धनौका याच २४९ एची बनून नौदलात आली होती.

आता यात अवघड काय होतं? युद्धनौकेला पोलाद नुसतं मजबूत असून चालत नाही, थंडीत ते काचेसारखं तडकता कामा नये. पोलादाचा हा दुर्गुण जुना आहे. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभा असलेला नवाकोरा टँकर, स्केनेक्टडी नावाचा, थंडीच्या रात्री मधोमध फाटला. ना बॉम्ब, ना वादळ. (मे महिन्यात ४५ अंशांत भाजून निघणाऱ्या नागपूरकराला हे पटवणं मला कधीच जमलेलं नाही.)

मग करायचं काय? मजबुती वाढवायचा सोपा उपाय म्हणजे कार्बन वाढवणं. पण कार्बन वाढला की वेल्डिंग बिघडतं आणि ठिसूळपणा येतो. म्हणून कार्बन कमी ठेवायचा, नायोबियम, व्हॅनेडियमसारखी मूलद्रव्यं चिमूटभर घालायची, आणि रोलिंगचं, म्हणजे पोलाद लाटून प्लेट करण्याचं, तापमान असं सांभाळायचं की धातूचे कण, म्हणजे त्याच्या आतले स्फटिक, बारीक राहतील. कण बारीक करणं हा मजबुती आणि चिवटपणा दोन्ही एकदम वाढवणारा जवळजवळ एकच मार्ग आपल्या शास्त्रात आहे. कण जितका बारीक तितकी मजबुती जास्त, हे सांगणारं हॉल-पेच म्हणून जे समीकरण वर्गात पाठ करतोस ना, ते इथे कामाला येतं. फक्त इथे ते रोलिंग मिलच्या फोरमनला पटवून द्यायचं असतं. तापमान उतरेपर्यंत प्लेट थांबवून ठेव म्हटलं की त्याचं त्या शिफ्टचं उत्पादन घटतं. त्याला तुझं समीकरण नको असतं. त्याच्याशी कसं बोलायचं हे कुठल्याच सेमिस्टरला शिकवत नाहीत.

मी स्वतः जास्त काळ मोडलेल्या भागांच्या तपासात होतो, म्हणजे फेल्युअर ॲनालिसिस. ते जरा सविस्तर सांगतो, कारण मला विचारशील तर आमच्या धंद्यातलं सगळ्यात रंगतदार काम हेच. कुठून तरी पॉलिथिनमध्ये गुंडाळलेला मोडका शाफ्ट येतो. पाहणाऱ्या प्रत्येकाचा हात एकच गोष्ट करायला धावतो: दोन तुकडे एकमेकांना जुळवून बघायचे. नेमकं तेच करायचं नाही. तुकडे एकमेकांवर घासले की मोडलेल्या पृष्ठभागावरच्या बारीक खुणा पुसल्या जातात, आणि सगळा पुरावा त्या खुणांतच असतो. कित्येकदा पाठवणाऱ्यानं चांगुलपणानं रॉकेलच्या फडक्यानं तो पुसून चकचकीत करून पाठवलेला असायचा. तेव्हा डोक्याला हात लावायचा आणि जे उरलं असेल ते बघायचं.

नीट आलेला तुकडा मात्र बोलतो. वाळूवर लाटा रेषा सोडून जातात तशा अर्धगोल रेषा दिसल्या तर भाग थकून, हळूहळू तडा वाढत मोडला. त्या रेषांचं केंद्र शोधायचं, तडा तिथून सुरू झाला. तिथे बहुतेक वेळा काहीतरी क्षुल्लक सापडतं: मशीनिंगची खोल रेघ, कुणीतरी ठोकलेला नंबरपंच, धातूत अडकलेला स्लॅगचा, म्हणजे भट्टीतल्या मळीचा, कण. मग नमुना कापायचा, बेकलाइट नावाच्या कडक प्लास्टिकमध्ये बसवायचा, एमरी पेपरवर एकेक नंबर चढत घासायचा. दर नंबराला नमुना ९० अंशांत फिरवायचा, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. शेवटी मखमली कापडावर आरसा करायचा आणि नायटलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमधल्या दोन टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये, काही सेकंद बुडवायचा. आरसा धुरकट झाला की मायक्रोस्कोपखाली. नमुना पॉलिश करायला शिकाऊ पोरांना ठेवतात, पण मी निवृत्त होईपर्यंत महत्त्वाचे नमुने स्वतःच घासले. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

दुसऱ्या टोकाला अगदी नाजूक कामं आहेत. जेट इंजिनातली टर्बाइनची पाती निकेलच्या सुपरअलॉयची, म्हणजे अतिउष्णतेत टिकणाऱ्या मिश्रधातूची, असतात. त्यांच्यावरून जाणारा वायू त्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही गरम असू शकतो. आतल्या बारीक नळ्यांतून हवा फिरवून पातं जगवायचं. एवढ्या उष्णतेत धातू कणांच्या सीमांवरून हळूहळू सरकतो, त्याला क्रीप म्हणतात. उपाय असा की सीमाच ठेवायच्या नाहीत, सगळं पातं एकाच स्फटिकाचं ओतायचं. साचा भट्टीतून संथपणे खाली उतरवतात आणि तळाशी पिळदार वाट ठेवतात, तिच्यातून एकच कण वर निसटतो आणि तोच सगळं पातं व्यापतो. एप्रिल २०२१ मध्ये डीएमआरएलनं हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ६० पाती एचएएलला, म्हणजे विमानं बनवणाऱ्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सला, दिली. पुढच्याच महिन्यात अडोर या जेट इंजिनाच्या टायटॅनियम डिस्क २,००० टनी आयसोथर्मल प्रेसवर, म्हणजे साचाही धातूइतकाच गरम ठेवून, दाबून घडवायचं तंत्र जाहीर झालं. बातमी पेपरात चार ओळींची येते, त्यामागे माणसांच्या अर्ध्या नोकऱ्या गेलेल्या असतात. टायटॅनियम स्पंजचंही, म्हणजे सच्छिद्र कच्च्या टायटॅनियमचंही, तेच. केरळच्या किनाऱ्याची वाळू आपली, तंत्र डीएमआरएलचं, तरी वर्षाला ५०० टनांचा कारखाना चवऱ्याला सुरू व्हायला २०११ उजाडलं.

आता रुक्ष गोष्टी. डीएमआरएल ज्या डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेची, प्रयोगशाळा आहे, तिथे सायंटिस्ट बी या पहिल्या पायरीवर घेतात, गेट या परीक्षेचा स्कोअर आणि मग मुलाखत. मेटलर्जीचा पेपर एमटी. सातव्या वेतन आयोगात लेव्हल १०, मूळ पगार ५६,१०० पासून. पुढे सी, डी, ई अशा पायऱ्या, बढती मुलाखतीवर, जागा रिकामी व्हायची वाट पाहत नाहीत, हे फार बरं आहे. नोकरीत राहून पीएचडी करता येते. वर जायचं तर वाट आहे: डीआरडीओचे प्रमुख झालेले समीर कामत धातुशास्त्राचेच, १९८९ मध्ये डीएमआरएलला रुजू झालेले. पण तुझा हिंजवडीतला वर्गमित्र पाच वर्षांत तुझ्या दुप्पट कमावेल, आणि दिवाळीत घरी ते ऐकवलं जाईल. माझी आई शेवटपर्यंत शेजाऱ्यांना सांगायची, "तो लोखंडाचं काहीतरी करतो." परदेशी कॉन्फरन्सला परवानगी मागावी लागते, काही कामावर पेपर लिहिता येत नाही. एका मशीनच्या खरेदीच्या फायलीत दोन-दोन वर्षं जातात. आणि चांगला चाललेला प्रकल्प वरून बंद होतो तेव्हा कारण विचारायची सोय नसते. ज्याला आपलं नाव दिसायला हवं असतं, तो तिथे कुढत राहतो. असे हुशार लोक मी पाहिलेत, ते वेळीच बाहेर पडले असते तर त्यांचंही भलं झालं असतं आणि प्रयोगशाळेचंही.

डीआरडीओ हा एकच दरवाजा आहे असंही नाही. खास मिश्रधातू बनवणारी सरकारी कंपनी मिधानी, इस्रो, भाभा अणुसंशोधन केंद्र (बीएआरसी), एचएएलची फाउंड्री-फोर्ज, सगळीकडे आपली गरज असते. आणि नागपूरला राहून तुझं नशीब इतरांपेक्षा बरं आहे. वाडीला अमरावती रोडवर जेएनएआरडीडीसी आहे, ॲल्युमिनियमवर काम करणारी संशोधन संस्था. अंबाझरीचा आयुध कारखाना आहे, आणि २०२१ मध्ये आयुध कारखान्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या, त्यातल्या यंत्र इंडियाचं मुख्यालयही तिथेच. आयुध कारखान्यात शिरायला कागदपत्रं, पडताळणी, बराच व्याप असतो. वाडीला मात्र गाइडच्या पत्रासह अर्ज करून बघ, उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळू शकते. तीही नाही जमली तर एमआयडीसीतल्या कुठल्याही फाउंड्रीत महिनाभर उभा राहा. भट्टीसमोर उभं राहणं जमतं का, करमतं का, हे तिथेच कळेल. भर उन्हाळ्यात जा, म्हणजे शंका उरणार नाही.

गेटची तयारी आत्ताच सुरू कर, चौथ्या वर्षाच्या प्लेसमेंटच्या गोंधळात ती होत नाही. फिजिकल मेटलर्जी आणि थर्मोडायनॅमिक्स आधी, बाकी नंतर. मुलाखतीला जाताना लोह-कार्बन आकृती, म्हणजे किती कार्बनला कुठल्या तापमानात पोलादाची आतली रचना काय असते ते दाखवणारी, कोऱ्या कागदावर काढता आली पाहिजे, तापमानांसकट. मी पॅनेलवर असताना पहिला प्रश्न तोच टाकायचो. ०.८ टक्के कार्बनला थंड होताना काय होतं हे बहुतेक जण घडाघडा सांगतात. पुढचा प्रश्न असायचा, हाच तुकडा पाण्याऐवजी तेलात बुडवला तर काय फरक पडेल, आणि तुकडा हाताएवढा जाड असेल तर त्याच्या मधोमध काय सापडेल? त्याचं उत्तर तयार ठेव.