तुम्ही विचारा, आम्ही सांगतो : एवढे खेळाडू हेरणारे स्काउट असून क्वार्टरबॅक चुकतो कसा?

प्रश्न : माझा भाचा क्लीव्हलँडला नोकरीला आहे, तिकडच्या ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल टीमचा वेडा. दर एप्रिलमध्ये तो ड्राफ्ट का काय असतो, टीमनी पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडायची, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, आणि हा फोन करून उठवतो, मावशी, या वेळी भारी क्वार्टरबॅक (म्हणजे बॉल फेकून टीमचा खेळ चालवणारा गडी) मिळणार! दोन वर्षांनी त्याच पोराच्या नावाने बोटं मोडतो. एवढा पैसा, एवढे कॅमेरे, तरी खेळाडू ओळखता येत नाही म्हणजे काय?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : मावशी, आधी भाच्याला माझ्याकडून सहानुभूती कळवा, ब्राउन्सचा फॅन म्हणजे मागच्या जन्मीचं काहीतरी देणं असावं. १९९९ ला पहिल्याच नंबरवर टिम काउच घेतला, २०१४ ला बाविसाव्या नंबरवर जॉनी मॅन्झिएल, तो तर दोन सीझनमध्ये आउट.

आता चुकतात कसे, तर आरटीओची परीक्षा आठवा. ट्रॅकवर पाय न टेकता आठचा आकडा काढला की लायसन्स हातात, पण म्हणून गणपतीच्या आदल्या संध्याकाळी लक्ष्मी रोडवरून तो पोरगा गाडी काढेल असं तुम्ही छातीठोक सांगाल का? ड्राफ्टच्या आधी इंडियानापोलिसला अशीच टेस्ट असते, उंची मोजा, हात मोजा, चाळीस यार्ड पळवा, बॉल फेकायला लावा, आणि फेकताना अंगावर कोणीच धावून येत नाही! खऱ्या मॅचमध्ये शंभर-सव्वाशे किलोचे गडी अंगावर येत असतात, अडीच-तीन सेकंदात समोरचा डिफेन्स काय डाव टाकतोय ते ओळखून बॉल सोडायचा असतो, आणि ते मोजायला टेप नाही.

टॉम ब्रेडी २००० साली तिथे ते चाळीस यार्ड ५.२८ सेकंदात पळाला, म्हणजे रडतखडतच, १९९ व्या नंबरवर गेला आणि पुढे सात सुपर बोल, म्हणजे तिथल्या लीगच्या फायनल, जिंकला. ब्रॉक पर्डी २०२२ ला सगळ्यात शेवटचा, २६२ वा, तो दोन वर्षांत सुपर बोल खेळला.

कॉलेजच्या व्हिडिओवर बघा म्हणाल तर तिथेही घोळ आहे, मोठ्या कॉलेजात पुढची लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारे गडी, एवढी तगडी असते की पोराला श्वास घ्यायला वेळ मिळतो, कॅच घेणारे मोकळे सापडतात, मग आकडे झकास दिसणारच ना. प्रोमध्ये तेवढी मोकळी जागा कुठली! आपल्याकडे पाटा विकेटवर रणजीत धावांचा ढीग रचणाऱ्याचं परदेशात काय होतं ते आपण बघतोच की.

पण मला विचाराल तर अर्धा दोष पोरांचा नसतोच. ड्राफ्टमध्ये पहिला नंबर सगळ्यात हरलेल्या टीमला, म्हणजे सगळ्यात गुणी पोरगं सगळ्यात विस्कटलेल्या घरात, कोच बदलतायत, लाइन गळकी, आणि पहिल्याच दिवशी मैदानात ढकललं. उलट पॅट्रिक माहोम्स, २०१७ ला दहावा गेला (शिकागोने त्याच्या आधी दुसऱ्या नंबरवर ट्रुबिस्की उचलला, तोही वर सरकायला जास्तीचे पिक, म्हणजे निवडीच्या पाळ्या, मोजून!), तो कॅन्सस सिटीत पहिलं वर्ष जवळजवळ बाकावरच बसून शिकला. शिकागोला गेला असता तर हाच माहोम्स झाला असता का? मला नाही वाटत.

आणि २०१८ ला ब्राउन्सने पहिल्या नंबरवर घेतलेला बेकर मेफिल्ड, त्याला चार वर्षांत घालवला, पुढे टॅम्पाला जाऊन तो छान खेळला. हे मात्र भाच्याला पहाटे साडेपाचला सांगू नका.