2147483647 : प्रश्न तुमचे, आकडेमोड आमची

प्रश्न : 2147483647 ही मूळ संख्या आहे, हे संगणक नसताना कोणी आणि कसं तपासलं?

स्विस गणितज्ञ ऑयलरने, 1772 मध्ये. सरधोपट मार्ग म्हणजे 46340 पर्यंतच्या (वर्गमूळ तिथेच संपतं) प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहणं. त्या भरतात 4792. एवढी हमाली ऑयलरने केली नाही. 2 च्या 31 व्या घातातून 1 वजा केला की ही संख्या मिळते, आणि 31 स्वतः मूळ. त्यामुळे हिचा कुठलाही मूळ विभाजक घ्या, त्यातून 1 काढल्यावर उरेल त्याला 62 ने भाग जायलाच हवा. शिवाय त्या विभाजकाला 8 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 7 च उरते. या दोन चाळण्यांतून जेमतेम ऐंशीच्या आसपास मूळ संख्या खाली पडतात. पहिलीच 311. भागून बघा : भागाकार 6905092, बाकी 35. पुढच्या सगळ्यांची तीच गत. खरं सांगायचं तर मला ही संख्या मोठी आहे म्हणून नाही, या चाळण्यांमुळेच आवडते.

प्रश्न : घात मूळ असला की उत्तर मूळच येतं का?

नाही. 11 घ्या. 2 चा 11 वा घात 2048, त्यातून 1 गेला की 2047, आणि 2047 म्हणजे 23 गुणिले 89. इथे चाळणी 22 ची (11 ची दुप्पट, जशी 62 ही 31 ची). 23 मधून 1 काढा, 22. 89 मधून काढा, 88. दोघेही नियमात बसून आले!

प्रश्न : संगणकात हाच आकडा वारंवार दिसतो. तो मूळ असल्यामुळे का?

छे, तो योगायोग. संगणक आकडा 32 बिटांत, म्हणजे 0 किंवा 1 च्या 32 घरांत ठेवतो. त्यातलं एक अधिक-उणे चिन्हासाठी गेलं की 31 उरतात. त्या सगळ्यांत 1 भरला की हा आकडा. 16 बिटांत तसाच 32767 येतो, आणि तो 7 × 31 × 151 आहे. मूळपणाचा खरा उपयोग यादृच्छिक आकडे काढताना होतो. 1 पासून निघा, दर वेळी 16807 ने गुणा आणि 2147483647 ने भागून बाकी तेवढी ठेवा. पुन्हा 1 दिसेल तो थेट 2147483646 पायऱ्यांनी. मधली एकही संख्या सुटत नाही.

प्रश्न : ही सर्वांत मोठी मूळ संख्या का?

मूळ संख्यांना अंत नाही, हे युक्लिडच्या काळापासून माहीत आहे. 2024 मध्ये सापडलेल्या एका मूळ संख्येत 4,10,24,320 अंक आहेत. तीही याच घराण्यातली, घात 136279841.

प्रश्न : 2 च्या 5 व्या घातातून 1 गेला की 31, 31 व्या घातातून 1 गेला की 2147483647. आता 2147483647 हाच घात वापरला तर?

मोह मलाही पडला होता. 2, 3, 5 आणि 7 पासून निघालं, तर अशा दोन पायऱ्या चढून दर वेळी मूळ संख्याच हाती येते. पण तुम्ही म्हणता ती तिसरी पायरी मोडकी आहे. 64 कोटींहून अधिक अंकांच्या त्या संख्येला 295257526626031 ने भाग जातो. आणि हा विभाजकही चाळणीतून आलेलाच : त्यातून 1 काढा, 2147483647 ने भागा, बरोबर 137490 येतात.